कोबॉटच्या हातात काय आहे, ते आधी बघा

कोबॉट म्हणजे माणसांच्या शेजारी काम करणारा रोबॉट. तो विकणारा पहिल्यांदा दाखवतो तो धक्का लागताच थांबणारा हात. तो थांबतो, हे खरं. पण टोकाला लावलेला ग्रिपर, म्हणजे माल पकडणारा भाग, आणि त्याने उचललेलं खोकं यांचा धोका वेगळा तपासावा लागतो. कोबॉटच्या सुरक्षेसाठीच्या आयएसओ/टीएस 15066 (2016) या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजामध्ये शरीराच्या 29 जागांसाठी बल आणि दाबाच्या मर्यादा दिल्या आहेत; डोक्याला, चेहऱ्याला तर धक्का लागताच कामा नये. म्हणून पॅलेटवर (माल रचायच्या फळीवर) खोक्यांचे थर चढत जातात तेव्हा खोकं कुणाच्या तोंडाच्या उंचीवरून फिरतं का, हे शेवटच्या थरापर्यंत समोर थांबून बघा.

व्हॅक्युम ग्रिपर (हवा ओढून खोकं धरणारा) असेल तर पावसाळ्यात जास्त जपा. भिवंडीसारख्या ठिकाणी पुठ्ठा सादळतो, वरचा कागद सुटतो आणि सक्शन कपाची पकड ढिली पडते. वीज किंवा हवा गेल्यावर खोकं किती वेळ टिकतं, हे आजूबाजूला कुणी नसताना मुद्दाम करून बघा. त्याखालून ये-जा नकोच.

खोकं आणि कन्व्हेयरची (माल नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याची) कड यांच्यात बोटं सापडतील अशी फट ठेवू नका. नुसत्या धक्क्यापेक्षा हे वाईट, कारण हात मागे घ्यायला जागाच उरत नाही.

मालाचं वजन बदललं की सेटिंगमधलं वजनही बदला, नाहीतर धक्का ओळखण्यात गफलत होते. आणि दिवाळीच्या गर्दीत वेग वाढवायची घाई झाली, तरी धोक्याची तपासणी नव्याने झाल्याशिवाय कुणालाही वेगाचा आकडा बदलू देऊ नका.