बोळातल्या दोन शिड्यांचे कोडे कसे सोडवावे

मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या गावातला एखादा अरुंद बोळ डोळ्यांसमोर आणावा. दोन्ही बाजूंना माळवदाच्या घरांच्या सरळ उभ्या भिंती आहेत आणि त्या भिंतींना समोरासमोर दोन शिड्या लावलेल्या आहेत. १७ फुटांच्या शिडीचा पाय डाव्या भिंतीच्या बुडाशी टेकला असून तिचे टोक उजव्या भिंतीला लागले आहे. १० फुटांच्या शिडीचा पाय उजव्या भिंतीच्या बुडाशी असून तिचे टोक डाव्या भिंतीला लागले आहे. समोरून पाहिले असता या दोन शिड्या एकमेकींना जमिनीपासून बरोबर ४ फुटांवर छेदतात. तर बोळाची रुंदी किती?

दहावीच्या भूमितीत पहिल्या दोन प्रकरणांत समरूपता आणि पायथागोरसचे प्रमेय शिकवले जाते, आणि या कोड्याला त्यापलीकडचे एकही प्रमेय लागत नाही. तरीही चांगले चांगले विद्यार्थी येथे अडकतात, कारण आकृती काढून झाल्यावर ते थेट रुंदीच्या मागे लागतात. माझ्या मते हे कोडे सोडवण्याची खरी किल्ली एवढीच आहे की रुंदी काही काळ बाजूला ठेवावी, शिड्यांच्या लांबीकडेही लगेच पाहू नये आणि आधी शिड्यांची टोके भिंतींवर किती उंचीला लागतात याचा विचार करावा.

त्यासाठी आकृतीला नावे देऊ. लांब शिडी उजव्या भिंतीवर जेथे टेकते ती उंची क, आखूड शिडी डाव्या भिंतीवर जेथे टेकते ती उंची ख, छेदबिंदूची उंची उ आणि बोळाची रुंदी र मानू. छेदबिंदूपासून जमिनीवर लंब टाकावा. त्या लंबाच्या पायाचे डाव्या भिंतीपासूनचे अंतर य धरले, तर उजव्या भिंतीपासूनचे अंतर र − य होईल.

आता लांब शिडीने तयार झालेले दोन काटकोन त्रिकोण पाहावेत. मोठ्या त्रिकोणाचा पाया र आणि उंची क आहे. त्याच्याच पोटात, डाव्या कोपऱ्यात बसलेल्या लहान त्रिकोणाचा पाया य आणि उंची उ आहे. दोघांचा डावा कोन सामाईक आहे आणि दोघांतही काटकोन आहे, म्हणून को-को कसोटीने ते समरूप आहेत. त्यावरून उ ÷ क = य ÷ र मिळते. आखूड शिडीच्या बाजूने हाच विचार केला की उ ÷ ख = (र − य) ÷ र मिळते. या दोन समीकरणांची बेरीज करताच उजव्या बाजूला य नाहीसा होतो आणि केवळ १ उरतो:

उ ÷ क + उ ÷ ख = १

म्हणजेच १ ÷ क + १ ÷ ख = १ ÷ उ, किंवा उ = (क × ख) ÷ (क + ख).

या सूत्रापाशी थोडे थांबावे, कारण त्यात र कोठेही नाही. भिंतींवरच्या दोन उंची कायम ठेवून बोळ हवा तेवढा रुंद केला, त्यासाठी लांब शिड्या आणल्या, तरी छेदबिंदू वर किंवा खाली सरकत नाही. तो केवळ आडवा सरकतो. पहिल्यांदा ऐकताना हे खरे वाटत नाही, आणि म्हणूनच ते हाताने करून पाहणे योग्य. शेतातून तुरीच्या दोन सरळ तुराट्या आणाव्यात, एक १७ सेंटीमीटर आणि दुसरी १० सेंटीमीटर लांबीची कापावी, आणि दोन विटा ८ सेंटीमीटर अंतरावर समोरासमोर उभ्या करून त्यांच्यामध्ये कोड्यात सांगितल्याप्रमाणे टेकवाव्यात. विटांची उभी बाजू १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त असावी, नाहीतर लांब तुराटीचे टोक विटेच्या वर जाते. पट्टी लावून मोजले की टोके १५ आणि ६ सेंटीमीटरवर आढळतील, आणि छेद (१५ × ६) ÷ २१, म्हणजे जवळजवळ ४.३ सेंटीमीटरवर येईल. तुराट्या एकमेकींना घासून जात असल्यामुळे जाडीचा थोडा फरक पडतो; म्हणून मोजमाप तुराटीच्या मध्यरेषेवरून घ्यावे. आता विटा १२ सेंटीमीटर अंतरावर न्याव्यात आणि तुराट्यांऐवजी दोन दोरे घेऊन तेच १५ व ६ सेंटीमीटरचे बिंदू समोरच्या विटेच्या बुडाशी जोडावेत. छेद पुन्हा ४.३ सेंटीमीटरवरच मिळतो.

हे सूत्र आपल्या भागाला परके नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘लीलावती’त हाच नियम आहे: दोन वेळू जमिनीत उभे असून प्रत्येकाच्या टोकापासून दुसऱ्याच्या बुडापर्यंत दोरी ताणली, तर दोऱ्यांच्या छेदापासूनचा लंब म्हणजे वेळूंच्या उंचींचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज. तेथील उदाहरणात वेळू १५ आणि १० हात उंच आहेत, त्यांच्यामधली जमीन किती हे मुद्दामच सांगितलेले नाही, आणि लंब ६ हात येतो. जमीन न सांगता उत्तर मागणे हाच त्या उदाहरणाचा गाभा आहे, आणि शिकवण्याच्या दृष्टीने मला तो फार मोलाचा वाटतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख पाटण येथे आहे. कन्नडहून औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे गेले की ते गाव लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भास्कराचार्यांच्या उदाहरणात उंची दिलेल्या आहेत, आपल्या कोड्यात मात्र शिड्यांची लांबी दिलेली आहे, आणि अवघडपणा नेमका या फरकात आहे. पुष्कळ जण घाईने १ ÷ १७ + १ ÷ १० = १ ÷ उ असे मांडतात. ते चूक आहे, कारण सूत्रात उंची बसतात, कर्ण बसत नाहीत. तरी त्या चुकीच्या मांडणीतून येणारी १७० ÷ २७, म्हणजे जवळजवळ ६.३ ही संख्या टाकून देऊ नये. बोळाची रुंदी शून्याकडे नेली, तर शिड्या उभ्या होतात आणि लांबी व उंची एकच होतात, म्हणून ६.३ फूट ही छेदाच्या उंचीची वरची मर्यादा आहे. कोड्यात छेद ७ फुटांवर आहे असे कोणी सांगितले, तर आकडेमोड न करताच असा बोळ असू शकत नाही असे उत्तर देता येते. आपला छेद ४ फुटांवर आहे, त्यामुळे उत्तर नक्की आहे.

दोन्ही शिड्यांना पायथागोरसचे प्रमेय लावले की क² + र² = २८९ आणि ख² + र² = १०० मिळते. एकातून दुसरे वजा करावे. र² नाहीसा होतो आणि

क² − ख² = १८९

हे उरते. याच्या जोडीला १ ÷ क + १ ÷ ख = १ ÷ ४ आहे. दोन अज्ञात संख्या आणि दोन समीकरणे, म्हणजे कोडे तत्त्वतः सुटले. परंतु येथून पुढे अंदाधुंद वर्ग करत गेले तर चतुर्घाती समीकरणाच्या लांबच लांब ओळी तयार होतात आणि एखादे चिन्ह चुकले की सगळी वही वाया जाते. म्हणून दुसऱ्या समीकरणाची थोडी डागडुजी आधी करून घ्यावी. त्याला ४ × क × ख ने गुणले की ४ख + ४क = क × ख येते; सगळी पदे एका बाजूला आणून दोन्ही बाजूंत १६ मिळवले की

(क − ४) × (ख − ४) = १६

अशी सुबक गुणाकाराची रचना मिळते. कोणत्याही छेदाच्या उंचीसाठी ती (क − उ) × (ख − उ) = उ² अशीच राहते, म्हणून ती पाठ करून ठेवण्यासारखी आहे.

आता ख − ४ ला ट म्हणावे. मग ख = ४ + ट आणि क = ४ + १६ ÷ ट. दोन अज्ञातांचे एकच अज्ञात झाले, आणि सोडवायचे समीकरण असे राहिले:

(४ + १६ ÷ ट)² − (४ + ट)² = १८९

ट वाढवला की पहिला वर्ग कमी होतो आणि दुसरा वाढतो, म्हणून वजाबाकी सतत घटतच जाते; यावरून योग्य ट एकच आहे हेही आपोआप सिद्ध होते. तो कोठे शोधायचा हेही ठरवता येते. क ही उंची १७ पेक्षा कमीच असणार, म्हणून १६ ÷ ट हे १३ पेक्षा कमी, म्हणजे ट १.२३ पेक्षा जास्त आहे. शिवाय क ही ख पेक्षा मोठी असल्यामुळे ट ४ पेक्षा कमी आहे.

याच टप्प्यात राहून एकेक किंमत तपासावी. ट = २ घेतल्यास १४४ − ३६ = १०८ येते; हे फार कमी आहे, म्हणून ट लहान हवा. ट = १.५ ला १८४.८६ येते, ट = १.४ ला २०८.८८ येते. आपल्याला हवे असलेले १८९ हे पहिल्या संख्येच्या बरेच जवळ आहे, त्यामुळे १.४५ वर जाण्याऐवजी सरळ १.४८ घ्यावे: १८९.३३. मग १.४९ घ्यावे: १८७.०८. एका शतांशात वजाबाकी २.२५ ने घटली आणि आपल्याला ०.३३ एवढीच घट हवी आहे, म्हणून १.४८ मध्ये ०.०१ चा सुमारे सातवा हिस्सा मिळवावा. ट जवळजवळ १.४८१५ येतो.

मग ख = ५.४८१५ फूट, ख² = ३०.०४७, र² = १०० − ३०.०४७ = ६९.९५३ आणि र = ८.३६ फूट. बोळ ८ फूट ४ इंचांपेक्षा किंचित रुंद आहे. पडताळा मात्र दुसऱ्या शिडीवरून घ्यावा, कारण ज्या शिडीवरून उत्तर काढले तिच्यावरूनच तपासल्यास चूक लपून राहू शकते. क = ४ + १६ ÷ १.४८१५ = १४.८०, त्याचा वर्ग २१९.०४, आणि २८९ − २१९.०४ = ६९.९६, वर्गमूळ पुन्हा ८.३६. लंबाचा पाय कोठे पडतो हेही हवे असल्यास य = (ख × र) ÷ (क + ख), म्हणजे डाव्या भिंतीपासून सुमारे २.२६ फूट. छेद बोळाच्या मध्यावर असतो असे गृहीत धरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. दोन्ही शिड्या सारख्या लांबीच्या असतील तरच तो मध्यावर येतो.

रुंदीच थेट अंदाजाने घेऊन हे कोडे सोडवता येणार नाही का, असे विचारले जाते. येते, पण प्रत्येक अंदाजाला दोन वर्गमुळे काढावी लागतात. ट च्या वाटेने गेल्यास एक भागाकार आणि दोन वर्ग एवढ्यातच भागते, आणि वर्गमूळ शेवटी एकदाच लागते. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसताना हा फरक फार मोठा ठरतो.

शिक्षकांना वर्गात देण्यासाठी असे कोडे तयार करायचे असेल, तर एक भुजा सामाईक असलेली दोन पायथागोरसची त्रिकुटे शोधावीत. ८, १५, १७ आणि ६, ८, १० ही अशी जोडी आहे. वर तुराट्या कापताना तीच वापरली. दुसरी सोयीची जोडी १२, १६, २० आणि ९, १२, १५ ही आहे: २० आणि १५ फुटांच्या शिड्या ५.७६ फुटांवर छेदतात असे सांगून रुंदी विचारावी. विद्यार्थ्याने ट = ३.२४ पर्यंत पोहोचावे, ख ९ फूट आणि क १६ फूट यावी, (१६ − ५.७६) × (९ − ५.७६) चा गुणाकार ५.७६ च्या वर्गाएवढा, म्हणजे ३३.१७७६ भरतो हे त्याने वहीत मांडून दाखवावे आणि मग बोळाची रुंदी १२ फूट लिहावी.