ॲक्शनपट लिहिताय? अंकरचनेतल्या या चुका टाळा

तीन अंकांच्या पटकथेत दुसरा, म्हणजे मधला अंक रेंगाळतोय असं वाटलं की बरेच लेखक त्यात आणखी एक पाठलाग घालतात. त्याने दुखणं वाढतं. पाठलाग संपल्यावर नायक होता तिथेच असेल, तर गाड्या कितीही उडाल्या तरी गोष्ट पुढे सरकलेली नसते.

प्रत्येक मारामारीपुढे एक ओळ लिहा: हिच्यामुळे नायकाने काय गमावलं, त्याला काय कळलं, किंवा कुठला रस्ता बंद झाला? ओळ सुचली नाही, तर प्रसंग काढा. चित्रित करायला कितीही मजा येणार असली तरी काढा. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (2015) हा जवळजवळ अख्खा पाठलागच आहे, तरी तो एकसुरी होत नाही. ज्या हिरव्या जागेच्या आशेवर सगळे पळाले, ती उरलेलीच नाही हे कळतं आणि ते उलटे फिरतात, शत्रूच्याच गडाकडे. पाठलाग तोच, पण आता पळणं संपलेलं असतं.

पानांचा हिशेब हीसुद्धा एक फसवी गोष्ट. 120 पानांच्या पटकथेत एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. त्यात पहिला अंक 25-30 पानांत संपावा, असं शिकवतात. म्हणून पंचविसाव्या पानावर स्फोट घडवायचा? अंक संपतो तो नायकाला मागे फिरता येईनासं होतं तेव्हा. स्फोटानंतरही तो घरी जाऊन झोपू शकत असेल, तर तुमचा पहिला अंक अजून चालूच आहे.

शेवटी नायक अचानक काहीतरी करून सुटतो, ही तक्रार तिसऱ्या अंकाची वाटते, पण दोष बहुधा पहिल्या अंकात असतो. 'डाय हार्ड'मध्ये (1988) विमानातला सहप्रवासी नायकाला सल्ला देतो, बूट-मोजे काढून गालिच्यावर पायाची बोटं आवळ. सल्ला साधाच. पण तो पाळल्यामुळेच हल्ल्याच्या वेळी नायक अनवाणी असतो आणि पुढे फुटलेल्या काचा त्याचे तळवे फाडतात. ती जखम आपल्याला खरी वाटते, कारण तिची पेरणी आपल्यादेखत झालेली असते.

सगळ्यात मोठा देखावा दुसऱ्या अंकात खर्च झाला असेल, तर क्लायमॅक्स त्याहून भव्य करायच्या मागे लागू नका. तो लहान करा: एक खोली, दोन माणसं, आणि नायकाला सर्वांत जड जाणारा निर्णय.