करेक्टरची काच घासण्याआधी तिचा ताण तपासा

८-१० इंची श्मिट करेक्टरसाठी (दुर्बिणीच्या तोंडाशी बसणारी, प्रतिमेतला दोष सुधारणारी पातळ काच) आणलेल्या काचेत आतून ताण असेल, तर घासता घासता तिचा आकार बदलत राहतो. घासण्यासाठी व्हॅक्यूमने, म्हणजे खालची हवा काढून, वाकवताना ती तडकूही शकते. कित्येक दिवसांची मेहनत वाया जाण्यापेक्षा हे करा:

१. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. खोलीत अंधार हवा.

२. पोलराइज्ड गॉगलची एक काच डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवा. स्क्रीन काळी पडली की थांबा.

३. आता कोणाला तरी करेक्टरची काच स्क्रीन आणि गॉगलच्या मध्ये धरायला सांगा आणि सावकाश गोल फिरवायला लावा. चांगली काच काळीच राहते. कडेला सगळीकडून सारखा, पुसट उजेड असला तर चालतो. पण एकाच बाजूला उजळ पट्टा किंवा ढगासारखा डाग दिसला, तर ती काच मी सरळ नाकारतो. टफन्ड (उष्णता देऊन मजबूत केलेल्या) काचेत तर ठळक नक्षीच उमटते. ती घासायला घेऊच नका.

काच कापून घेण्याआधी दुकानातच हे पाहिलं तर पैसेही वाचतात.

एक सांभाळा: बोटांच्या उबेनेही उजळ डाग दिसतो. शंका आली तर काच पाव तास तशीच ठेवून पुन्हा बघा.