मृगाच्या आधी गाळाचा ढीग झाका

वळीव येऊन गेला. बेळगावजवळच्या येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारात धूळवाफ (कोरड्या मातीतल्या) पेरणीची घाई आहे आणि कुणाकुणाच्या बांधावर सांडपाणी प्रकल्पाच्या गाळाची ट्रॉली उतरलेली आहे. गाळ घेतला, त्याला हरकत नाही. मातीला पोत देणारा माल आहे. हरकत आहे ती ढीग उघडा टाकून पेरणीला निघून जाण्याला.

मी पाहिलेलं नुकसान बहुतेक याच हलगर्जीचं. ढीग विहिरीच्या नाहीतर नाल्याच्या वरच्या अंगाला, ताडपत्री नाही, भोवती चर नाही. दोन जोरदार सरी आल्या की काळा रस उतरतो. खालच्या वाफ्यातलं भाताचं रोप नत्र जास्त झाल्यानं काळसर हिरवं होतं, आपण खूश होतो, आणि मग ते लोळतं, करपा धरतं.

विहिरीचं तर दिसतही नाही. गाळातल्या नत्राचं नायट्रेट होतं; ते मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर खाली जातं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्यापुढे तान्ह्या बाळाला धोका, आणि पाणी उकळलं तर आटून ते दाटच होतं.

गाळातले जस्त, निकेल, कॅडमियम हे धातू सावकाश चालतात. काळ्या मातीत वरच्या थरात अडकतात, खानापूरकडच्या तांबड्या आंबट मातीत सुटतात. मातीचा सामू (pH, आंबटपणाचा आकडा) ६.५ च्या खाली असेल तर आधी चुना, दोन-तीन आठवड्यांनी गाळ. दोन्ही एकत्र टाकलं तर अमोनिया उडतो. 'धातू शोषणारी' म्हणून दुकानदार बाटली पुढे करतो. एक हंगाम मीही घेतली. पैसे गेले. चुना स्वस्त आहे.

गाळाचा तपासणी कागद मागा. तो ताडून पाहायला खत नियंत्रण आदेशातल्या शहरी कंपोस्टच्या किलोमागच्या मर्यादा आहेत: कॅडमियम ५, शिसं १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, तांबं ३००, जस्त १००० मिलिग्रॅम. कागद नसेल तर ट्रॉली परत. या वर्षी ट्रॉली ठेवून घेतलीच असेल, तर निदान आज झाका.

बाकीची कामं:
- रयत संपर्क केंद्रात (शेती खात्याच्या) माती तपासणी
- ढिगाभोवती हातभर खोल चर, वर ताडपत्री
- पसरला की त्याच दिवशी नांगरून मातीआड
- उताराला आडवी नांगरट
- मेथी, पालक, मुळ्याच्या वाफ्यात गाळ नको

युरियाचा हिशोब असा: वाळल्या गाळात नत्र २ टक्के धरलं तर टनाला २० किलो, पहिल्या वर्षी पिकाला साधारण तिसरा हिस्सा. तेवढं नत्र साधारण १५ किलो युरियात असतं, म्हणजे टनामागे तेवढा युरिया कमी टाका.

निपाणीकडच्या तंबाखूवाल्यांनी गाळाच्या वाटेला जाऊच नये; तंबाखू कॅडमियम पानात ओढून घेतो.

एक माझा अंदाज, पुस्तकातला नाही. ढिगाच्या खालच्या अंगाला तण पट्ट्यासारखं काळसर हिरवं माजलं, तर रस त्याच वाटेनं चालला आहे. तो पट्टा विहिरीकडे वळलेला दिसला तर पेरणी एक दिवस राहू द्या, आधी ढीग हलवा.