‘रन’ म्हणजे नुसतं धावणं नव्हे : या चुका टाळा

सोलापुरात मी इंग्रजी शिकवतो. क्लासला येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरात कुणी ना कुणी यंत्रमागावर असतं. मुलाखतीच्या सरावात ‘वडील काय करतात?’ विचारलं की हमखास उत्तर येतं, ‘माय फादर ड्राइव्ज पॉवरलूम.’ घरी ‘माग चालवतात’ म्हणतात आणि चालवणं म्हणजे ‘ड्राइव्ह’ हे डोक्यात पक्कं बसलेलं. ड्राइव्ह रिक्षाला, एसटीला. वडील मालक असतील तर ‘रन्स अ पॉवरलूम युनिट’ म्हणा, कामगार असतील तर ‘ऑपरेट्स अ पॉवरलूम’.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले आहेत. ते पाठ करत बसू नका. मराठीत ‘चालणं’ जेवढं ओझं वाहतं, त्यातलं बरंचसं इंग्रजीत ‘रन’ वाहतं, एवढं आधी मनात ठेवा. दुकान चालतं, यंत्र चालतं, संपात बस चालत नाहीत, तिन्हीकडे रन.

‘द शॉप इज रनिंग बाय माय अंकल’ हे मी रोज ऐकतो. दुकान काकांकडून चालवलं जातं, म्हणून ‘इज रन बाय’. ‘हॅज रॅन’सुद्धा चूकच. रन, रॅन, आणि ‘हॅज’नंतर पुन्हा रन.

सगळ्यात जपायचं ते मागच्या छोट्या शब्दाला. नवी पेठेत सर अचानक भेटले तर ‘आय रॅन इंटू माय टीचर’. तिथे ‘ओव्हर’ आलं की सर गाडीखाली गेले! डब्यातली शेंगा चटणी संपली तर ‘वी हॅव रन आउट ऑफ चटणी’. चटणीलाच कर्ता केलं तर ‘द चटणी हॅज रन आउट’, मग ‘ऑफ’ नको. हा ‘ऑफ’ मुलं नेमका उलटा लावतात, म्हणून दोन्ही वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा.

नाक वाहतं तेही रन, आणि अंगात ताप असला तर ‘रनिंग अ टेम्परेचर’.

चादरी-टॉवेलच्या धंद्यातल्यांसाठी एक खास. परदेशी गिऱ्हाईक ‘विल द कलर्स रन?’ विचारेल, तेव्हा ‘रंग चालतील का, म्हणजे खपतील का’ असं समजून ‘येस, येस’ म्हणू नका. धुताना रंग सुटेल का, असं तो विचारतोय. रंग पक्का असेल तर उत्तर, ‘नो, दे वोन्ट.’