इतिहासाच्या तासाला सिनेमातलं दृश्य दाखवताना

हायस्कूलला नव्याने रुजू झालेल्या इतिहासाच्या शिक्षकांसाठी लिहितेय. प्रोजेक्टर जोडणं, हवा तो तुकडा कापून पेनड्राइव्हवर घेणं तुम्हाला येतंच. कायद्याची फार धास्ती घेऊ नका. विद्यार्थी, पालक आणि शिक्षक एवढ्यांपुढेच शाळेत चित्रपट दाखवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये मुभा आहे. तो तुकडा पालकांच्या ग्रुपवर मात्र टाकू नका.

खरा धोका वेगळाच आहे. आठवीला सविनय कायदेभंगाची चळवळ शिकवताना रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'गांधी'मधला (1982) धारासनाचा, म्हणजे गुजरातेतल्या मिठागरावरच्या सत्याग्रहाचा, प्रसंग हमखास आठवतो. सत्याग्रहींची रांग पुढे येते, लाठ्या पडतात, बायका जखमींना बाजूला नेतात आणि मागची रांग पुढे सरकते. शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा वळवळायची थांबतात. आपल्याला वाटतं, धडा पोचला.

मग सहामाहीच्या पेपरात उत्तर येतं : 'धारासनाची बातमी न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार वॉकर यांनी जगाला दिली.' वॉकर नावाचा पत्रकार तिथे नव्हताच, ते पात्र सिनेमासाठी रचलेलं आहे. 21 मे 1930 ला धारासनाला होता तो वेब मिलर, युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा. हे वर्गात सांगून झालं होतं, पोरांच्या वह्यांतही होतं. तरी पेपरात वॉकरच आला, आणि तो लिहिणारी मुलं अभ्यासू होती. मला ते आजही बोचतं, कारण मिलर इस्पितळात गेला होता, त्याने 320 जखमी स्वतः मोजले होते. एवढं करणाऱ्या माणसाचं नावच पुसलं गेलं.

'सिनेमात थोडी कल्पना असते बरं का' एवढं सांगून भागत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण बहुतेक जण इथेच थांबतात. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांचा यावरचा एक प्रयोग 2009 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना बरोबर मजकूर वाचायला दिला आणि त्याच विषयावरची सिनेमातली दृश्यं दाखवली. दृश्य मजकुराशी जुळलं तिथे लक्षात राहणं वाढलं. जिथे जुळलं नाही तिथे अनेकांनी वाचलेलं सोडून पाहिलेलं लिहिलं, तेही खात्रीने. 'चित्रपटात चुका असू शकतात' ही मोघम सूचना फारशी उपयोगी पडली नाही. नेमकं काय चुकलंय आणि बरोबर काय, हे सांगितलं तेव्हाच फरक पडला.

म्हणून दृश्य सुरू करण्याआधी फळ्याचे दोन भाग करा. डावीकडे 'पडद्यावर : वॉकर, न्यूयॉर्क टाइम्स'. उजवीकडे 'प्रत्यक्षात : वेब मिलर, युनायटेड प्रेस'. खाली लिहा की गांधीजींना 5 मे रोजीच अटक झाली होती आणि धारासनाला नेतृत्व सरोजिनी नायडूंकडे होतं. वॉकर पडद्यावर आला की पॉज करा आणि पोरांकडूनच उजवी बाजू म्हणवून घ्या. मग तेच दृश्य आवाज बंद करून पुन्हा लावा. पार्श्वसंगीत गेलं की मुलं प्रश्न विचारू लागतात : कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे? लाठी मारणारे शिपाई कुठले, तेही भारतीयच ना? या प्रश्नासाठी मी अख्खा तास द्यायला तयार असते. दृश्य चार मिनिटांपेक्षा मोठं नको, नाहीतर बोलायला वेळच उरत नाही.

पोर्शन संपल्यावर शनिवारी अख्खा सिनेमा लावून देणं म्हणजे इतिहास शिकवणं नव्हे, मग कुणी काहीही म्हणो. 'पाच मिनिटांत अख्खं प्रकरण' छापाचे व्हिडिओ तर वर्गात आणूच नका. त्यात सिनेमातली दृश्यं खऱ्या चित्रफितींत अशी मिसळलेली असतात की शिक्षकालाही पटकन ओळखू येत नाहीत. मार्गदर्शक शोधायचा तर शाळेतला सगळ्यात जुना इतिहासाचा शिक्षक गाठा. त्याला प्रोजेक्टर लावता येत नसेल, पण कुठल्या वाक्याला वर्ग चुकीचं समजतो हे त्याला पाठ असतं. बी.एड.च्या सराव पाठांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

पेशवाई-शिवकाळाबद्दल मात्र सांभाळून. 'बाजीराव मस्तानी'त (2015) काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात, त्यावर पेशव्यांच्या वंशजांनीही आक्षेप घेतला होता. असं दृश्य दाखवायचं असेल तर आधी मुख्याध्यापकांना दाखवा आणि टाचणवहीत (पाठाच्या तयारीच्या वहीत) हेतू लिहा. एखाद्या पालकाचा फोन येईलही. हेतू लिहिलेला असला की बोलणं सोपं जातं, त्यामुळे घाबरून हा विषय सोडू नका.

दहावीला तर 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास' असा धडाच आहे. तिथे व्ही. शांताराम यांच्या 'उदयकाल'ची (1930) गोष्ट जरूर सांगा. शिवरायांवरच्या या मूकपटाचं आधीचं नाव 'स्वराज्याचे तोरण' होतं. ब्रिटिश सेन्सॉरला ते खुपलं, म्हणून बदलावं लागलं. धारासनाचं सालही तेच. दोन्ही एका तासात घ्या आणि विचारा, सरकारला त्या वर्षी 'स्वराज्य' हा शब्द का नको होता? उत्तरं मुलांनाच शोधू द्या. पहिल्या खेपेला वर्ग गप्प बसला तरी लगेच उत्तर सांगून मोकळे होऊ नका.