पेस्ट लावायला टोळी येण्याआधी

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की नाशिकच्या दिंडोरी-निफाडकडे सगळ्यांची एकच घाई असते: एक-दोन दिवसांत काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या कोंबांना, पेस्ट लागली पाहिजे. म्हणून सुरक्षेची तयारी आदल्या संध्याकाळीच करून ठेवा. मोजे घालायचे की नाही, हे मजुरावर सोडू नका. औषध आपण आणतो, तर मोजेही आपणच आणायचे.

पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड, काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावायचं औषध. ते कातडी भाजतं, माणसाच्या डोळ्यात गेलं तर मोठी इजा करतं. माझ्या बागेत पेठ-सुरगाण्याकडच्या बाया येतात. हात वर करून काडीवरचे डोळे पुसायचे, त्यामुळे ओघळ थेट मनगटाकडून कोपराकडे येतो. त्यासाठी कोपरापर्यंतचे रबरी मोजे घ्या आणि वरची कडा बाहेरून दुमडा. ओघळ त्या घडीत अडकतो. कापडी मोजे देऊच नका. ते औषध शोषतात आणि दिवसभर कातडीला चिकटवून ठेवतात. डोळ्यांना चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. गरोदर बाईला हे काम सांगू नका, काड्या वेचायला लावा आणि रोजंदारी पूर्ण द्या. लेकराची झोळी त्या प्लॉटमध्ये बांधायची नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या औषधाचा संपर्क आल्यावर दारू घेतली तर ती शरीरात नीट पचत नाही. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, दम लागतो, रक्तदाब घसरतो. जिवावरही बेतू शकतं. आदल्या दिवसापासून पुढचा आठवडाभर थेंबही नको. हे टोळीच्या मुकादमाला काम ठरवतानाच, उचल देताना सांगा. घरातल्या पुरुषांनाही सांगा, कारण पेस्ट कालवतात तेच.

बांधावर साबण आणि पाण्याचा पिंप हवाच. हात-तोंड धुतल्याशिवाय भाकरीला हात नाही, तंबाखूलाही नाही. कामाचे कपडे वेगळे धुवा.

पुढे डाऊनी-भुरी या बुरशीजन्य रोगांवरच्या फवारण्या सुरू होतात. डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा आहे म्हणून उघड्या हाताने कालवू नका. ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरवरचं फवारणी यंत्र, चालवताना पीटीओ शाफ्टवर (ट्रॅक्टरकडून यंत्राला फिरवणाऱ्या दांड्यावर) कव्हर हवंच. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, पदर किंवा मफलर अडकला तर सोडवायला वेळच मिळत नाही. रिकामा डबा तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या टाकीत ओता, मग डब्याला भोकं पाडा. नाहीतर कुणीतरी तो पाण्याला नेतं.

कुणाला त्रास झालाच तर भिजलेले कपडे काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. तूप, हळद लावू नका. पोटात गेलं असेल तर उलटी करायला लावू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाच्या डब्यावरचं लेबल सोबत न्या. डॉक्टर पहिल्यांदा औषधाचं नावच विचारतात.